चटका कोणता, करंट कोणता?

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीच्या आजी शाळेत आल्या. नऊवारी लुगडे, हातात काठी, चेहरा लाल. कार्यालयात बसायलासुद्धा तयार नाहीत. "माझ्या नातीला वर्गात करंटी म्हणतात. मराठी शाळेत हेच शिकवता का?" एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी तीन वेळा म्हटले.

चौकशी केली तेव्हा गंमत अशी निघाली, की म्हणणाऱ्या मुलांना त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता. करंटा, कपाळकरंटा हे शब्द आपल्या घरांतून आता फारसे ऐकू येत नाहीत. इंदुरात घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत दोन्हींची मिसळ. मुलांनी सरळ 'करंट'वरून 'करंटी' केले होते. जिला हात लावला की करंट बसतो ती करंटी. व्याकरणात तसे काही चुकलेले नाही, हे आमच्या मराठीच्या बाईंनी नंतर खासगीत कबूलही केले. पण आजींचे दुःख खरे होते आणि मुलीचे त्याहून खरे. स्नेहसंमेलनातल्या मंगळागौरीच्या नाचात तिच्याबरोबर फुगडी घालायला कोणी उभे राहीना. घरी कोणी तिला तांब्याचे कडे घातले होते, कोणी अंगात उष्णता वाढली म्हणून सब्जाचे पाणी सुरू केले होते. मुलगी स्वतः मात्र दाराच्या कडीला हात लावायच्या आधी ओठ आवळून उभी राहायची.

विज्ञानाच्या सरांनी औषध सोपे काढले. तिचे नायलॉनचे जाकीट आणि जाड रबरी तळाचे बूट दोन दिवसांसाठी तिच्या मैत्रिणीला दिले आणि मैत्रिणीचा लोकरी स्वेटर आणि चामड्याचे बूट तिला. बाकड्यांवरच्या जागाही बदलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण कपाटाला हात लावून ओरडली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. 'करंट' मुलीच्या अंगात नव्हता, जाकिटात आणि बुटात होता, हे चाळीस मुलांनी डोळ्यांनी पाहिले. फुगडी झाली.

गोष्ट इथेच संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण महिन्याभरात याच शाळेत दुसरे काही घडले. त्यात चूक आमची होती आणि ती या चटक्यांविषयीच्या अर्धवट ज्ञानातून झाली होती. म्हणून आधी हे चटके काय असतात ते सांगतो, मग आमची चूक सांगतो.

दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना लागल्या, घासल्या आणि दूर झाल्या, की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. लोकर, केस, नायलॉन हे इलेक्ट्रॉन सहज सोडतात. पॉलिएस्टर, पॉलिथिन घेतात. सुती कापड या भानगडीत फारसे पडत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून सिंथेटिक कपड्यांत उठलो, की खुर्चीवर एक प्रभार राहतो आणि आपल्या अंगावर उलट प्रभार येतो. पायांत रबरी तळ असेल तर तो जमिनीत उतरू शकत नाही. मग आपण लोखंडी कपाटाला, दाराच्या कडीला किंवा दुसऱ्या माणसाच्या बोटाला हात लावायला जातो आणि सगळा प्रभार एका क्षणात उडी मारतो. चट् आवाज येतो तो या उडीचा. अंधारात स्वेटर काढताना ठिणग्या दिसतात त्याही याच.

पावसाळ्यात हे होत नाही. हवेत बाष्प असते, वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा बारीक थर बसतो आणि प्रभार साचायच्या आतच ओघळून जातो. आपल्या माळव्यात पौष-माघातल्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते, त्यात लोकर आणि नायलॉन अंगावर असते, म्हणून तेव्हा जोर. एप्रिलमध्ये हवा त्याहून कोरडी असते, पण स्वेटर पेटीत गेलेले असतात आणि अंगाला घाम असतो.

"आमच्या वेळी नव्हते हो असे काही," असे शाळेचे जुने विद्यार्थी म्हणतात. ते बरोबर आहे. त्यांच्या वेळी सुती सदरा, पायांत चामड्याची चप्पल नाहीतर अनवाणी, बसायला लाकडी बाक आणि खाली कोटा फरशी. प्रभार साचायला कुठे जागाच नव्हती. आपल्या जुन्या इमारतीत आजही चटके कमी बसतात. तक्रारी येतात त्या नव्या ग्रंथालयातून, जिथे आपण हौसेने प्लॅस्टिकचे आच्छादन आणि रंगीत खुर्च्या आणल्या.

आता पालकांचा मुख्य प्रश्न. याने अपाय होतो का? यंदाच्या हळदीकुंकवाला तिळगूळ देता-घेता इतक्या जणींना चटके बसले, की निम्मा वेळ त्यावरच बोलणे चालले होते. एका काकूंनी गोड बोलण्याऐवजी चक्क किंकाळी मारली. त्या वेळी उत्तर दिले ते इथे जरा नीट देतो.

चटका जाणवायला अंगावर साधारण 3,000 व्होल्ट तरी साचावे लागतात आणि कोरड्या हवेत 10,000 व्होल्टपर्यंत जाणे अवघड नाही. घरातली वीज 230 व्होल्टची. आकडे ऐकून छाती दडपते. पण व्होल्ट हा दाब झाला; मागे साठा किती आहे ते महत्त्वाचे. माणसाच्या अंगावर प्रभार साठवण्याची ताकद अगदी किरकोळ असते, सुमारे 100 पिकोफॅरड. हिशेब मांडला तर 10,000 व्होल्टला साठलेली ऊर्जा 5 मिलिज्यूल भरते. म्हणजे 50 ग्रॅमचा तिळगुळाचा लाडू (जरा मोठाच म्हणा) ताटातून एक सेंटिमीटर वर उचलायला लागते तेवढी. तीही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षा कमी वेळात संपते. हृदयाला, मेंदूला, रक्ताला त्यापासून धोका नाही. गरोदर स्त्रीला नाही, लहान मुलाला नाही. आजचे पेसमेकर असल्या चटक्यांना दाद देत नाहीत. तरी ज्या आजोबांना शंका असेल त्यांनी पुढच्या तपासणीत आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि निश्चिंत व्हावे.

चटका नकोच असेल तर उपाय घरचेच आहेत. स्वेटरच्या आत सुती बनियन किंवा सदरा. हातांना मॉइश्चरायझर, कारण कोरडी कातडी प्रभार धरून ठेवते. खोलीत ओला पंचा वाळत घालणे. कपाटाला बोटाच्या टोकाने हात लावण्याआधी हातात घट्ट धरलेली किल्ली किंवा नाणे टेकवणे. ठिणगी धातूवर पडते आणि बोट वाचते. आधी भिंतीला किंवा लाकडी दाराला तळहात टेकवला तरी प्रभार हळूहळू उतरतो. गाडीतून उतरताना सीटवरून उठण्याआधीच दाराची धातूची चौकट धरावी आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडू नये. तांब्याच्या कड्याने काही होत नाही. शोभत असेल तर घालावे.

निरुपद्रवी म्हटले तरी चार ठिकाणी जपायला हवे. पेट्रोलची वाफ पेटायला 0.2 मिलिज्यूल पुरतात. आपल्या लाडवाच्या हिशेबातली ठिणगी त्याच्या पंचवीसपट आहे. म्हणून टँकर रिकामा करण्याआधी तो तारेने जमिनीशी जोडतात आणि म्हणूनच प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेऊन येणे हा वेडेपणा आहे. आपल्या फाटकासमोर एक-दोन पालकांना आम्ही तसे करताना पाहिले आहे, नावे सांगत नाही. दुसरे, संगणकाचे सुटे भाग. जो प्रभार आपल्याला जाणवतही नाही, अशा काहीशे व्होल्टने मेमरीची चिप मरू शकते. तेव्हा संगणक कक्षात खोके उघडणाऱ्या उत्साही नववीकरांनी मनगटाला पट्टा लावल्याशिवाय आत हात घालू नये. तिसरे, कॉक्लिअर इम्प्लांट असलेली मुले. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर अंगात भरपूर प्रभार साचतो आणि त्याने कानामागचे यंत्र बिघडू शकते. घसरण्याआधी बाहेरचा भाग काढून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. शिशुवर्गाच्या पालकांनी आपल्या ऑडिओलॉजिस्टला हे मुद्दाम विचारावे आणि बाईंना कळवावे. चौथे म्हणजे दचकणे. चटक्याने इजा होत नाही, पण हातात चहाचे भांडे किंवा कात्री असताना दचकले तर होते.

इथवर आम्ही सगळे बरोबर सांगत होतो. मुलांनाही पटले होते. इतके पटले, की फेब्रुवारीत कोणाला काहीही झटका बसला, की वर्ग एका सुरात म्हणायचा, "स्वेटर, स्वेटर!"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाचवीतला एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, व्हरांड्यातला कूलर चावतो." आम्ही वह्या तपासत होतो. मान वर करून त्याच्याकडे पाहिले. अंगात निळा लोकरी स्वेटर होता. आम्ही हसून म्हणालो, "अरे, स्वेटर घातला आहेस ना, मग चावणारच." तो "पण मॅडम" एवढे म्हणाला आणि घंटा झाली. पुढचे तीन दिवस तो घरून दोन बाटल्या पाणी आणत होता, हे आम्हाला मागाहून कळले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शिपाई मामा व्हरांडा पुसत होते. पायांत काही नाही, फरशी ओली, हातही ओला. कूलर सरकवायला त्यांनी त्याच्या कडेला हात लावला आणि हात मागे फेकला गेला. फेकला गेला हे नशीब. चिकटला नाही. मामा हुशार आहेत; त्यांनी कोणाला हाक मारायच्या आधी भिंतीवरचे बटण बंद केले.

वायरमनने येऊन पाहिले. दिवाळीत रंगकाम चालू असताना कूलर जागचा हलवला होता आणि नव्या जागी प्लग पोचेना म्हणून दोन तारांच्या एक्स्टेंशन बोर्डाला जोडला होता. प्लग तीन पिनांचा, बोर्डात तिसरी तार नाहीच. म्हणजे अर्थिंग तुटलेले. त्यात आतल्या एका तारेचे आवरण पत्र्याला घासून झिजलेले. पत्र्यात वीज उतरत होती आणि जमिनीत जायला तिला वाट नव्हती. ती वाट पाहत होती एखाद्या ओल्या हाताची. व्हरांड्यातून रोज दोनशे मुले पाणी पितात.

हा झटका वेगळ्याच जातीचा. इथे साठा संपत नाही, मागे अख्खे वीजकेंद्र उभे आहे. अंगातून 1 मिलिअँपिअर गेला तर झिणझिणी कळते. 10च्या आसपास स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. 30च्या पुढे काही क्षणांत हृदयाचा ताल बिघडण्याचा धोका सुरू होतो. ओल्या हातापायांनी शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 व्होल्टला हजाराने भागून पाहा, 230 मिलिअँपिअर येतात. सातवीचे गणित आहे.

"फ्यूज उडाला असता की," असे एका पालकाने आम्हाला सांगितले. नसता उडाला. 16 अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. माणूस मरायला लागतो त्याच्या पाचशेपटीहून जास्त प्रवाह गेला तरच तो हलतो. माणसासाठी जे लागते ते आरसीसीबी, जुने लोक ईएलसीबी म्हणतात ते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते क्षणात पुरवठा तोडते. आपल्या जुन्या इमारतीत असे एकही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. तो बिचारा लाजून खाली पाहत होता. पण आम्हाला अजून टोचते ते असे, की त्याला गप्प बसवायला आम्ही अंधश्रद्धा वापरली नव्हती, विज्ञान वापरले होते. महिन्याभरापूर्वी ज्या ज्ञानाने एका मुलीची सुटका केली, त्याच ज्ञानाने एका मुलाचे खरे बोलणे उडवून लावले. आमच्या मते शाळेने यापुढे स्थिर विजेचा धडा नुसता "घाबरू नका" म्हणून शिकवू नये. त्याच तासात गळक्या विजेची ओळख करून द्यावी.

ओळख अवघड नाही. स्थिर विजेचा चटका एकदा बसतो, चट् करून बसतो आणि संपतो. हालचाल केल्यानंतर, कोरड्या हवेत, कोरड्या हाताला. गळक्या विजेची झिणझिणी हात लागला असेल तोवर चालू राहते. ओल्या हाताला, अनवाणी पायाला जास्त लागते. तिला स्वेटरशी देणेघेणे नसते आणि ती एकाच वस्तूपाशी वेगवेगळ्या मुलांना बसते. आणि मुलांनो, खात्री करायला पुन्हा हात लावून पाहायचे नाही. मित्राला तर मुळीच "तू लावून बघ" म्हणायचे नाही. आपल्याला फरक कळलाच पाहिजे असे नाही. येऊन सांगायचे, फरक मोठी माणसे पाहतील. कोणी चिकटलेला दिसला तर त्याला हात लावायचा नाही. आधी बटण बंद करायचे, ओरडायचे, मोठ्यांना बोलवायचे.

आता विश्वस्त मंडळाला विनंती. सभागृहासाठी सिंथेटिक गालिच्याचे कोटेशन आले आहे, असे आम्ही ऐकतो. आमचे मत स्पष्ट आहे: तो घेऊ नये. एक तर त्याने चटक्यांचा सुकाळ होईल. फरशीवर सुती सतरंज्या घातल्या की आपले कार्यक्रम आजवर नीट झालेच आहेत. दुसरे, तेच पैसे आधी तारांना लागले पाहिजेत. पाण्याचा कूलर, प्रयोगशाळा, संगणक कक्ष आणि स्नेहसंमेलनाच्या मांडवाची तात्पुरती जोडणी, या प्रत्येक ठिकाणी 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. हे काम दहावीच्या मुलांसमोर व्हावे असे आम्ही सुचवतो. दोन तारांचे एक्स्टेंशन बोर्ड शाळेच्या आवारात नकोत, एकही नको.

अर्थिंगचे खड्डे हा आपल्याकडचा खास विषय. पावसाळ्यात माळव्याची काळी माती लोण्यासारखी असते आणि तेव्हा तपासले तर सगळे उत्तम दिसते. वैशाखात तीच माती हात जाईल एवढ्या भेगा पाडते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि तारेला जमीन धरत नाही. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायला हवे, हे जुन्या वायरमनना माहीत असते. शाळेला मात्र उन्हाळ्याची सुट्टी असते. तेव्हा अर्थिंगची मोजणी यंत्राने, मे महिन्यात व्हावी आणि आकडा पालक सभेत सांगावा. मंडळातल्या काही सदस्यांना वाटते, की असे जाहीर बोलल्याने पालक घाबरतील आणि प्रवेशांवर परिणाम होईल. आम्हाला तसे वाटत नाही. कूलरची गोष्ट मुलांमार्फत सर्व घरांत कधीच पोचली आहे. पालक विचारतात ते एवढेच, की पुढे काय केलेत.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत आम्ही एक वही केली आहे. ती शिपाई मामांच्या टेबलावर असते. झटका बसलेल्या कोणीही तीत तारीख, जागा आणि कसा बसला ते लिहायचे. हसायचे नाही, हा नियम शिक्षकांनाही लागू आहे. मामा रोज संध्याकाळी ती पाहतात आणि संशय आला तर त्या जागेची वीज बंद करून वायरमनला बोलवतात. पहिली नोंद पाचवीतल्या त्या मुलाने मागची तारीख घालून केली आहे: "कूलर. दर वेळी. स्वेटर नसतानाही." त्यानंतरच्या अकरा नोंदींपैकी दहा निव्वळ स्थिर विजेच्या निघाल्या. अकरावी प्रयोगशाळेतल्या एका टेबल दिव्याची होती, तो आता अडगळीत आहे. शेवटची नोंद सातवीतल्या आपल्या मुलीची: "ग्रंथालयाचे कपाट. एकदाच. जाकीट मैत्रिणीचे होते."